अल्टोचा गंधार

आमच्या घरात गाणं म्हणजे एकानं गायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. फोंड्याच्या बाजूच्या घरांत हे वेगळं सांगावं लागत नाही. मंगेशी हे दीनानाथांचं आणि अभिषेकीबुवांचं गाव, केरी केसरबाईंचं, आणि साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं कुर्डी मोगूबाईंचं. ही नावं घेताना आजोबांचा हात आपसूक कानाच्या पाळीला जायचा. घरात तंबोरा होता, त्याला खोळ होती, आणि खोळीला हात लावायचा असेल तर आधी हात धुवावे लागत. अनेकांनी मिळून गायचं ते फक्त चवथीच्या आरतीला. घुमट, शामेळ आणि कांसाळं यांच्या गजरात सगळा वाडा गायचा. पण तिथेही चाल एकच. ज्याला जी पट्टी झेपेल त्या पट्टीत, पण एकच चाल.

त्यामुळे १९८६ साली पणजीच्या कॉलेजात गेल्यावर मी कॉयरमध्ये नाव दिलं, तेव्हा घरी पहिला प्रश्न आला तो धर्माचा नव्हता. आजोबांनी विचारलं, "चार जण एका वेळी चार वेगळ्या चाली म्हणतात म्हणे. मग ऐकणाऱ्यानं ऐकायचं कोणाचं?"

तरुण वाचकांसाठी थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांनी कॉयर पाहिली असेल ती शिलाँगच्या मंडळींची, टीव्हीवर, २०१० साली त्यांनी ती स्पर्धा जिंकली तेव्हा. कॉयरमध्ये आवाजांचे चार गट असतात. बायकांचे उंच आवाज ते सोप्रानो, खालचे ते अल्टो. पुरुषांचे उंच ते टेनर आणि खर्जातले बास. साधारणपणे चाल सोप्रानोकडे असते. बास जमीन धरून ठेवतो. टेनर नेहमी कमी पडतात, जगातल्या कुठल्याही कॉयरमध्ये जा. आणि अल्टो? अल्टोला बहुतेक वेळा चाल मिळतच नाही. तिला मधल्या सुरांवर उभं राहायचं असतं, कधीकधी चार-चार मात्रा एकाच सुरावर. पण ती गप्प बसली की वरचा मजला आणि खालचा मजला यांच्यामध्ये पोकळी होते आणि ती कुणालाही ऐकू येते.

निवडीच्या दिवशी मी एक नाट्यपद म्हटलं. अर्थात तानांसकट. सरांनी पियानोवर कोपर टेकून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरें. आतां एकूच सूर धर. हालय नाका." एकच सूर धर, हलवू नको. तोपर्यंत मला वाटायचं की सूर हलवता येणं म्हणजेच गाणं. मींड काढायची नाही, खटका घ्यायचा नाही, शेवटचं अक्षर लांबवून दाद मागायची नाही. शेजारणीच्या 'आ'सारखा आपला 'आ' हवा. आपला आवाज वेगळा ओळखू आला तर ते कौतुक नव्हे, तक्रार आहे. काळी पाचमध्ये गाणारी म्हणून मला सोप्रानोत उभं केलं आणि पहिले दोन महिने सरांचं तळहात खाली दाबण्याचं जे काही हातवाऱ्यांचं बोलणं होतं, ते सगळं माझ्याशी होतं.

सर सासष्टीतले. पोर्तुगीज काळात गावच्या चर्चच्या शाळेत शिकलेले. या शाळांचा इतिहास आपल्या मराठी घरांत फारसा सांगितला जात नाही, म्हणून थांबते. 'एश्कोल' म्हणायचे त्यांना. तिथे प्रार्थनेबरोबर मुलांना सुरांची लिपी वाचायला आणि बहुधा व्हायोलिनही शिकवत. तिथला मेस्त हातात छडी घेऊन 'दो रे मी' घोटून घ्यायचा. याच शाळांतून निघालेले वादक पुढे मुंबईच्या सिनेमात गेले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन केलं. आपण ज्या जुन्या हिंदी गाण्यांवर जीव टाकतो, त्यांच्यातल्या व्हायोलिनच्या लाटांमागे गोव्यातल्या चर्चची ती छडी आहे.

सरांचा 'दो' पक्का होता. पियानोवरची ती एक पट्टी म्हणजे दो, मग गाणं कुठल्याही स्वरात असो. आमचा सा मात्र गाणाऱ्याबरोबर प्रवास करतो. यावरून आमचा एवढा गोंधळ व्हायचा की शेवटी मी कागदावर स्वतःसाठी सरगम लिहून घ्यायला लागले. सरांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. पुढच्या तालमीला आणखी दोन मुलींनी माझा कागद उतरवून घेतला होता.

ते वर्ष साधं नव्हतं. जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि म्हापशाकडचे आमचे टेनर बेतीहून फेरीबोटीनं यायला लागले. तालीम सुरू व्हायची तीन आवाजांवर; चौथा आवाज फेरीतून उतरून धावत यायचा. आणि दुसरा पूल माणसांमधला. राजभाषेचा वाद पेटला होता. आमच्या घरी मराठी दैनिक यायचं, वडील सभांना जायचे. कॉयरमधले बहुतेक जण कोकणीच्या बाजूचे. डिसेंबरात दंगली झाल्या, बसेस बंद पडल्या. १९८७च्या फेब्रुवारीत कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीचा वापरही मान्य झाला, आणि मे महिन्यात गोवा राज्य झालं. या सगळ्यात आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचार वाजता जमत होतो. वर्गात एकमेकांशी न बोलणारी माणसं कॉयरमध्ये शेजारी उभी राहत, कारण श्वास वाटून घ्यावा लागतो. लांब सूर धरताना सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर आवाज तुटतो. मग शेजारणीशी न बोलता करार करायचा: तू घे, मी धरते; तू आलीस की मी घेते. ज्या मुलीशी माझं राजभाषेवरून कडाक्याचं वाजलं होतं, तिच्याच श्वासावर मी तीन वर्षं गायले. तिला माझी मतं तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाहीत.

१९८७च्या चवथीला सर आमच्या घरी आले. आरती सुरू झाली तसे ते घुमट वाजवणाऱ्या माझ्या काकांच्या शेजारी जाऊन बसले. मातीचं मडकं, एका तोंडाला घोरपडीचं कातडं. घोरपडीला कायद्यानं संरक्षण असल्यामुळे आता बकरीचं कातडं लावतात, आणि २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला; तेव्हा मात्र ते नुसतंच कोनाड्यात टांगलेलं घरचं वाद्य होतं. आरतीनंतर सर म्हणाले, आमच्या मांड्याला हेच वाद्य लागतं. आजोबांनी हे ऐकलं आणि त्यांचा जुना प्रश्न पुढे केला, "तुमच्यात चार जण चार चाली म्हणतात. भांडण होत नाही?"

"जाता तर!" सर म्हणाले. "म्हणूनच हात हालोवपाक एकटो लागता."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी स्वतः उठून, हात धुऊन, तंबोऱ्याची खोळ काढली. सरांना जवळ बसवून तार छेडली आणि म्हणाले, ऐका, खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप येतो, आम्ही तो वाजवत नाही. सर बराच वेळ डोळे मिटून बसले. हा स्वयंभू गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. पियानोत बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असल्यामुळे त्याचा गंधार जरा चढा होतो; सवयीच्या कानाला ते कळत नाही, तंबोऱ्याच्या कानाला टोचतं. पण पियानो बाजूला ठेवून चार आवाज नुसतेच गायला लागले, की चांगली कॉयर आपोआप त्या उतरलेल्या गंधाराकडे जाते, आणि तो लागला की खोलीत एक वेगळाच झणत्कार होतो. दुसऱ्या मंगळवारी सरांनी तालमीत पियानोचं झाकण बंद केलं आणि अल्टोच्या मुलींना म्हणाले, हिच्याकडून गंधार शिका. मी सोप्रानोत होते. अल्टोला गंधार शिकवायला गेले, एवढाच त्या वेळी माझा अल्टोशी संबंध.

आता मधली पस्तीसेक वर्षं ओलांडते. लग्न, फोंड्यातल्या शाळेत मराठीची नोकरी, मुलं. गाणं राहिलं ते चवथीपुरतं.

पुनर्मीलनाची कल्पना निघाली ती व्हॉट्सअॅपवर, जशी हल्ली सगळ्याच गोष्टींची निघते. डिसेंबर ठरला, कारण नाताळाला परदेशातले गोंयकार घरी येतात. आमचे दोन टेनर इंग्लंडमधल्या स्विंडनला, एक सोप्रानो टोरंटोला, एक बास दुबईला. झूमवर तालीम करून पाहिली आणि पहिल्याच दिवशी सोडून दिली. आवाज जायला-यायला जो क्षणाचा उशीर लागतो तो बोलताना चालतो, गाताना नाही. प्रत्येकाला दुसरा मागे पडलाय असं वाटतं आणि सगळं गाणं हळूहळू चिखलात रुततं. मग प्रत्येक आवाजाची वेगळी ध्वनिफीत करून पाठवली आणि आपापल्या घरी, गाडीत, स्वयंपाकघरात पाठ करायचं ठरलं. माझी मुलगी म्हणायची, "आई, या गाण्याला चालच नाही. एकाच सुरावर काय म्हणत बसतेस?"

कारण मी आता अल्टो. पन्नाशी ओलांडली की बायकांचा आवाज उतरतो, स्वरतंतू थोडे जाड होतात. त्यात तीस वर्षं वर्गात साठ मुलांच्या वरताण बोललेला गळा. वरचा षड्ज लागेना असं नाही, पण तो लावताना चेहऱ्यावर जे दिसायचं ते आरशात पाहून मीच ठरवलं. याचं वाईट वाटलं, हे लपवत नाही. गाणाऱ्या बाईला आवाज उतरणं हे केस पिकण्यासारखं नसतं. रंग लावून ते झाकता येत नाही.

पण खरी गोष्ट माझ्या आवाजाची नव्हती, सरांच्या हाताची होती. सर आता ७९ वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सनचं निदान झालं. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडतात, अक्षर मुंगीएवढं बारीक झालंय, आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात सतत थरथरतो. कार्यक्रम त्यांच्या सन्मानाचा, पण कॉयर त्यांनी चालवायची की नाही, यावर आमच्यात चांगलीच जुंपली. एक बाजू म्हणत होती, त्यांना पहिल्या रांगेत बसवा, शाल द्या, लोकांसमोर त्यांचा हात थरथरलेला का दाखवायचा? ही बाजू निर्दयी नव्हती. त्यात त्यांच्यावर जीव असलेलीच माणसं होती. दुसरी बाजू म्हणत होती की आपण त्यांच्यासाठी ठरवणारे कोण. यात एक धोकाही होता. हात चुकला तर चौतीस माणसं चौतीस ठिकाणी जातात, आणि ते सरांनाच सगळ्यांत आधी ऐकू येणार.

शेवटी मी आणि माझी ती जुनी भांडकुदळ मैत्रीण, दोघी त्यांच्या घरी गेलो. विचारलं सरळ. सर आमच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुजो वयलो सूर खंय गेलो?" वरचा सूर कुठे गेला तुझा? मी म्हटलं, "गेलो, सर. हांव आतां अल्टो." ते म्हणाले, "तर मग. तूं अल्टो जालें, हांव ल्हान जालों." माझी मैत्रीण खिडकीतून बाहेर बघायला लागली.

ल्हान म्हणजे काय, ते तालमीत कळलं. या आजारात हात स्वस्थ असताना कंप जास्त असतो. काही करायला उचलला की पुष्कळदा तो कमी होतो. त्यामुळे सरांचा हात ताल देताना थरथरत नव्हता. अडचण दुसरीच होती: हालचाल आक्रसली होती. पूर्वी खांद्यापासून येणारा ठोका आता मनगटातून यायचा, चार बोटांएवढा. मागच्या रांगेतल्या बासना तो दिसेना. सरांनी मग रांगाच बदलल्या. सगळ्यांना जवळ घेतलं, अर्धवर्तुळात, इतकं की पहिल्या रांगेला त्यांच्या शर्टाच्या बटणांवरचे दोरे दिसावेत. आणि म्हणाले, हाताकडे पाहू नका, मी श्वास घेतो तेव्हा घ्या. कार्यक्रमातली बाकीची गाणी आमच्यानंतरच्या तुकडीतला एक मुलगा चालवणार होता; मुलगा म्हणजे आता पन्नाशीचा, मडगावकडे चर्चची कॉयर सांभाळणारा. सरांनी स्वतःकडे एकच ठेवलं, शेवटचं.

शेवटचं म्हणजे काय, हे गोव्यात सांगावं लागत नाही. 'अदेवस कोर्चो वेळू पावलो', तोर्कात द फिगेरेदो यांचा मांडो. निरोपाची वेळ आली की हाच. सरांनी तो चार आवाजांत, वाद्याशिवाय बांधलेला आहे. मांडो सहा मात्रांचा, पण घड्याळासारखा मोजून गायचा नसतो. शब्दावर रेंगाळायचं, ओळीच्या टोकाला सोडायचं. म्हणजे ज्या गाण्याला हाताची सगळ्यांत जास्त गरज, तेच त्यांनी घेतलं होतं.

कार्यक्रम कॉलेजच्या जुन्याच सभागृहात झाला. पंखे बंद करायला लागले, कारण कागद उडत होते आणि एक पंखा कोमल निषादात गुणगुणत होता. हँडेलच्या 'मसीहा'मधलं 'हालेलुया' झालं, त्याला जुन्या रिवाजाप्रमाणे लोक उठून उभे राहिले. दुलपदांना माझ्या भावानं घुमट धरलं. देखणीही झाली, 'हांव सायबा पलतडी वेतां', जिची चाल 'बॉबी'मुळे सगळ्या देशाला ठाऊक आहे. गंमत पाहा: या देखणीतली मुलगी आहे हिंदू कलावंतीण, दामूच्या लग्नाला नदीपलीकडे निघालेली, रचणारे ख्रिस्ती, आणि १९८७ साली "तू खरी हिंदू" म्हणून नाचायला पुढे मला ढकललं होतं. या वेळी माझ्या गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हा माझ्या मुलीला ढकललं.

मग सर आले. आधार घेऊन, हळू. पायऱ्यांपाशी पाय अडला, तेव्हा बासमधल्या एकानं खालच्या आवाजात ताल मोजला, एक-दोन, एक-दोन, आणि पाय सुटला. तालावर अडलेलं पाऊल सुटतं, हे त्यांच्या घरच्यांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं.

मांड्याचा पहिला भाग नीट झाला. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी एक थांबा आहे. सरांनी हात वर घेतला आणि तो तिथेच राहिला. खाली येईना. सभागृहातल्या लोकांना तो लांबवलेला थांबा वाटला असणार. आम्हाला दिसत होतं की हात अडलाय. माझ्या शेजारी माझी मैत्रीण; तिचा श्वास संपत आलेला मला ऐकू आला, मी सूर धरला, तिनं घेतला, तिनं धरला, मी घेतला. चौतीस जणांत असंच चाललं असणार, कारण आवाज तुटला नाही. किती वेळ, सांगता येत नाही. मग सरांच्या शर्टाची बटणं वर आली. त्यांनी श्वास घेतला. हात होता तिथेच होता. आम्ही श्वास घेतला आणि दुसरं कडवं चारही आवाजांत एका ठिकाणी उतरलं, हातही मग मागून आला.

शेवटच्या स्वरमेळात गंधार अल्टोकडे असतो. तालमीत सरांनी आम्हाला तिथे थांबवून सांगितलं होतं, "हो पियानाचो न्हय. तंबोऱ्याचो जाय." डोळ्यांनीच त्यांनी आमच्या रांगेकडे पाहिलं. आम्ही तो किंचित उतरवला. मला झणत्कार ऐकू आला. पहिल्या रांगेतल्या माझ्या भावालाही आला, असं तो म्हणतो, पण तो माझा भाऊ आहे.

नंतर चहा, बिबिंका, फोटो. ज्यांनी सरांना बसवून ठेवा म्हटलं होतं, त्यांतला एक जण सरांसमोर जाऊन बराच वेळ काही न बोलता उभा राहिला. सरांनी त्याला विचारलं, दुसऱ्या कडव्यात टेनर जरा चढले होते ना? तो म्हणाला, "हय, सर." परदेशातली मंडळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत गेली.

आम्ही मात्र अकरा जण उरलो आहोत. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सरांच्या ओसरीवर जमतो. सरांना बाहेर पडणं अवघड आहे, पण बसल्या जागेवरून ते कुठला 'आ' तोंडात अडकलाय ते सांगतात. पियानो नाही. मी तंबोरा नेते. खोळीला हात लावण्याआधी आता सगळेच हात धुतात. माझी मुलगी दोन शनिवार "नुसती बघायला" आली, तिसऱ्या शनिवारी तिला सोप्रानोत उभं केलं आहे आणि सध्या सरांचा तळहात तिच्यासाठी खाली दाबला जातोय. सोप्रानो चार आहेत, अल्टो चार, बास दोन. टेनर एकच आहे, आणि तो रजेवर गेला की तालीम तीन आवाजांवर येते. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कळवा. सुरांची लिपी येत नसली तरी चालेल, सरगम मी लिहून देते.